भुतांचं टेस्टिंग

चुका शोधणं हा माझा व्यवसाय होता. दोन हजार सहा साली आम्ही परदेशात, बॉथेल नावाच्या गावी राहत होतो आणि मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. लोकांनी खपून केलेलं काम माझ्यासमोर यायचं, ते कुठे कुठे मोडतं ते मी शोधायची आणि यादी करून परत पाठवायची. या कामाचा मला पगार मिळायचा आणि, खरं सांगायचं तर, आनंदही व्हायचा. घोडं पेंड खायचं ते एवढ्याच ठिकाणी, की संध्याकाळी सहानंतरही ते काम थांबायचं नाही. हॉटेलात गेलं की मेन्यूकार्डातली चुकलेली स्पेलिंगं, कुणाच्या लग्नाचा व्हिडिओ लावला की नवरदेवामागे दिसणारी कचऱ्याची पिशवी, सगळं मला आधी दिसायचं. आमचे हे म्हणायचे की हिला स्वर्गात नेलं तर दाराचं बिजागर करकरतंय म्हणून ही तिथल्या माणसाला बोलावून घेईल.

यांनी हे सगळं थट्टेवारी नेलं होतं. मुलीला ते जमत नव्हतं. ती तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि सहावीपासून शाळेच्या नाटकांत कामं करायची. त्या वर्षीच्या वसंतातल्या नाटकात तिला शेजारणीचं काम होतं. दुसऱ्या अंकात चहाचा ट्रे घेऊन यायचं, चार वाक्यं बोलायची आणि जायचं. प्रयोग संपल्यावर तोंडाचा रंग न पुसताच ती पार्किंगमध्ये धावत आली आणि कसं झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, छान झालं, फक्त ट्रेमधले कप रिकामे आहेत हे तिसऱ्या रांगेतूनही कळत होतं.

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीत जाऊन सॉरी म्हटलं, पण म्हणता म्हणता कपात थोडं पाणी घातलं असतं तर हात आपोआप जपून चालला असता, हेही समजावून सांगितलं. त्याने होतं ते आणखी बिघडलं.

सप्टेंबरात शाळेच्या नाटकवाल्या मुलांना एक काम मिळालं. पलीकडच्या बेटावर, समुद्राच्या अगदी काठाला एक जुना लष्करी किल्ला होता. त्याच्या तोफगोळे ठेवायच्या कोठारांत दर ऑक्टोबरात तिथले स्वयंसेवक भुताटकीचा खेळ लावायचे. लोकांनी तिकीट काढून आत जायचं, घाबरायचं आणि बाहेर यायचं. त्यातून किल्ल्याच्या डागडुजीला हातभार लागायचा आणि भुतं झालेल्या मुलांना शाळेत समाजसेवेचे तास मिळायचे. आमच्या लेकीने नाव दिलं. त्या रात्री तिने तिच्या बाबांना सांगितलं, आणि त्यांनी मला, की हे तिचं शेवटचं. माणसांना घाबरवणं हे नाटकातलं सगळ्यात सोपं काम. तेही जमलं नाही तर आपल्यात काही नाही असं समजून ती नाटक सोडणार आणि पुढच्या सहामाहीला कॉम्प्युटरचा विषय घेणार. दुसऱ्या कुठल्याही मराठी घरात हे ऐकून पेढे वाटले असते. मी मात्र पेढ्यांचा विचारही केला नाही, कारण त्या रिकाम्या कपांवर बोट मीच ठेवलं होतं.

पहिले दोन शनिवार वाईट गेले. तिला शेवटची खोली दिली होती. पांढरा झगा घालून कोपऱ्यातून उडी मारायची आणि बू करायचं. पण आमची लेक जेमतेम पाच फूट, त्यात दातांना तारा. तिने उडी मारली की बायका गालावर हात ठेवून हाऊ क्यूट म्हणायच्या. एका आजोबांनी तिला खिशातून खाऊची गोळी काढून दिली. दुसऱ्या शनिवारी तिथल्या प्रमुख बाईंनी, त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि फार प्रेमळ होत्या, तिला बाजूला घेऊन विचारलं की पुढच्या आठवड्यात तुला बाहेरच्या टेबलावर लोकांना सफरचंदाचा गरम रस द्यायला आवडेल का. भुताला रसवंतीवर बसवायचं हे ऐकून मलाच राग आला. लेकीने विचार करून सांगते म्हटलं, आणि घरी येऊन सरळ आजीच्या खोलीत गेली.

माझ्या सासूबाई त्या वर्षी सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. माहेर कुडाळकडचं. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, सापविंचवापासून बाळंतपणापर्यंत सगळं निस्तरलेलं, त्यामुळे भुतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मात्र भुतांचे नियम त्यांना सगळे पाठ होते, एखाद्या हेडक्लार्कला रजेचे असावेत तसे. नात अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत आपलं रडगाणं सांगत होती आणि मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ऐकत होते. आजीने विचारलं, तू करतेस तरी काय ते दाखव. लेकीने उडी मारून बू केलं. त्यावर सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

"भूत कधी ओरडत नाही गो," त्या म्हणाल्या. "ओरडायचं काम माणसाचं."

मग दार बंद झालं. पुढचे चार दिवस शाळा सुटली की दोघी त्या खोलीत कोंडून घेऊन काहीतरी शिवत होत्या. कपाटातली एक पांढरी चादर गायब झाली, दोऱ्याचं रीळ गेलं, आणि मला आत यायला सक्त मनाई होती. मी बाहेरून एकदा फक्त एवढंच सुचवलं की झग्याच्या खालच्या काठाला दुहेरी टीप घाला, नाहीतर अंधारात पाय अडकेल. 

गुरुवारी जेवताना लेक माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, सॅटर्डेला तू येऊ शकतेस. पण नो टेस्टिंग. आणि भीती नाही वाटली तर फेक ओरडायचं नाही. आय विल नो."

मी कबूल केलं. फेक ओरडायचा विचार माझ्या मनात आला होता हे तिला कसं कळलं कोण जाणे.

शनिवारी दुपारी ती शाळेच्या व्हॅनमधून पुढे गेली आणि आम्ही तिघं चार वाजता निघालो. गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, वीस मिनिटं पाणी कापायचं आणि पलीकडे उतरून पुन्हा गाडी चालवायची. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सासूबाईंनी उरलेल्या चकल्या बरोबर घेतल्या होत्या आणि बोटीच्या डेकवर वाऱ्यात उभ्या राहून त्या एकीकडे चकली खात होत्या, एकीकडे पाण्यात सील दिसतो का बघत होत्या. त्या आतल्या आत कशावर तरी खूश होत्या. मला वाटलं समुद्र दिसला म्हणून असेल.

आमचे हे मूळचे साताऱ्याचे. किल्ला म्हटलं की आधी पायथ्याचं गाव, मग दोन तासांची चढण, मग धाप आणि मग दरवाजा, असा त्यांचा हिशेब. इथे पार्किंगमधून उतरलो तो समोर सपाट हिरवळ आणि तिच्यापलीकडे काँक्रीटच्या बसक्या भिंती. त्यांनी गाडीला कुलूप लावलं, चारी बाजूंना बघितलं आणि किल्ला कुठाय म्हणून विचारलं. मी म्हटलं, हाच. त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरली ती बघवत नव्हती. पाटीवर लिहिलं होतं की किल्ल्याला शंभर वर्षं झाली. आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी याहून जुनी आहे, असं ते म्हणाले. पण मग त्यांना भिंतीवर चढवलेली एक खरीखुरी तोफ दिसली आणि ती जमिनीत खाली दडवून पुन्हा वर आणायची यंत्रणा दिसली, आणि पुढचा अर्धा तास ते आम्हाला ओळखत नव्हते.

सहा वाजता अंधारून आलं. भोपळ्यांतले दिवे लागले आणि लोक रांगेत उभे राहिले. प्रमुख बाई हातात कंदील घेऊन प्रत्येक घोळक्याला नियम सांगत होत्या. भुतांना हात लावायचा नाही, भुतंही तुम्हाला हात लावणार नाहीत. मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी बरं म्हणून मान डोलावली.

आत काँक्रीटचा लांबलचक बोळ होता आणि दोन्ही बाजूंना खोल्या. पहिल्या खोलीत जेवणाच्या टेबलाभोवती सापळे बसवले होते आणि मधून हिरवा धूर येत होता. आता मी शपथेवर सांगते, मी यादी करणार नव्हते. पण एका सापळ्याच्या बरगडीवर बारकोडचं लेबल तसंच होतं. ते दिसल्यावर मी करणार काय? मी यांना हळूच सांगितलं. मग धूर सोडणाऱ्या मशीनची वायर दिसली, तीही सांगितली. मराठीत बोललं की कुणाला काही कळत नाही, हा परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांचा ठाम समज असतो. मी त्या भरवशावर बोलत होते. काँक्रीटच्या बोळात आवाज किती लांब जातो, हा विचार काही माझ्या मनात आला नाही.

दुसरी खोली लष्करी दवाखान्याची होती. खाटेवर एक जखमी सैनिक विव्हळत पडला होता, डोक्याला रक्ताळलेलं बँडेज, हात आमच्याकडे पसरलेला. आमच्या पुढच्या मुली किंचाळून पळाल्या. सासूबाई थांबल्या. त्यांनी चष्मा वर केला, त्याच्या डोक्याकडे नीट बघितलं आणि मला म्हणाल्या की ही पट्टी कुणी बांधली, उद्या सकाळपर्यंत सुटेल. मी अहो आई, अहो आई म्हणेपर्यंत त्यांनी त्याचं डोकं एका हाताने उचललं आणि दुसऱ्या हाताने पट्टी सोडून पुन्हा बांधायला घेतली. सैनिक विव्हळायचा थांबला. विशीतला असेल बिचारा, मुकाट्याने मान पुढे करून बसला. मागची सगळी रांग खोळंबली. काम झाल्यावर त्याने थँक यू मॅडम म्हटलं, सासूबाईंनी त्याच्या खांद्यावर थोपटलं, आणि तो पुन्हा आडवा होऊन विव्हळायला लागला.

तिसऱ्या खोलीत साखळ्या ओढणारा एक प्रेतात्मा होता. यांनी त्याला तोफगोळे वर चढवायचा पाळणा याच खोलीत होता का म्हणून विचारलं आणि त्याने, आपण मेलेले आहोत हे विसरून, छतातलं भोक दाखवलं.

एव्हाना मी मजेत होते. बोळाचं शेवटचं वळण आलं तशी मी यांच्या कानाशी लागून म्हणाले की हे लोक फार घाई करतात, माणसाला थोडी वाट बघायला लावली पाहिजे, तेव्हा कुठे भीती वाटते. यांनी मला कोपराने ढोसलं. पुढची खोली आपल्या मुलीची होती. मला भीती वाटत होती ती मला भीती वाटणार नाही याची. ती उडी मारेल, मी शांत उभी राहीन आणि सगळं संपेल.

शेवटच्या खोलीत धूर नव्हता की आवाज नव्हता. जमिनीवर एक कंदील ठेवलेला होता, त्याचा उजेड गुडघ्याएवढा. पलीकडच्या भिंतीशी एक पांढरी आकृती उभी होती. चेहरा पांढराफटक, त्याच्या दोन्ही बाजूंनी केस खाली आलेले, बाह्या इतक्या लांब की हात दिसत नव्हते. ती हलत नव्हती. आम्ही उभे राहिलो. मागचे लोक आत आले, तेही उभे राहिले. कुणीतरी हसलं आणि थांबलं. मी मनात म्हटलं, शाब्बास, उडी मारायची सोडलीस. मुखवटा चांगला आहे. डोळ्यांच्या भोकांत मात्र डोळे दिसत नाहीत, नुसता काळोख आहे, हे कसं केलं बुवा?

मग ती हळूहळू पुढे यायला लागली.

चार दिवस बंद दाराआड शिवलेला तो झगा. मी काठ बघायला खाली मान घातली, दुहेरी टीप घातली की नाही ते बघायला. काठाखाली अनवाणी पावलं होती आणि माझ्याकडे टाचा येत होत्या. आधी एक टाच, मग दुसरी. बोटं पलीकडे, भिंतीकडे.

पुण्यात शाळेत असताना आम्ही मैत्रिणी एकमेकींना बजावायचो की अनोळखी बाई दिसली तर आधी तिचे पाय बघ. त्याला तीस वर्षं झाली होती. मी इंजिनिअर होते, टेस्टर होते, ती माझी स्वतःची मुलगी आहे हे मला ठाऊक होतं. ते सगळं कुठे गेलं ते गेलं. माझी पाचावर धारण बसली. मी "आई गं" म्हणून अशी किंचाळले की तो आवाज माझा आहे हे मलाच थोड्या वेळाने कळलं. मी यांचा दंड घट्ट धरला, तो यांचा नव्हताच, मागच्या एका धिप्पाड गृहस्थांचा होता, आणि काय झालं हे न कळताच तेही ओरडले. ते ओरडले म्हणून त्यांची बायको ओरडली. यांनी तेवढ्यात खाली बघितलं होतं. साताऱ्याचा हा मावळा मला तिथेच टाकून दाराबाहेर पोचला होता. दवाखान्यातला सैनिक काय झालं ते बघायला धावत आला, डोक्याला एकदम नीट पट्टी.

बाहेर रसाच्या टेबलापाशी मी एकामागून एक दोन ग्लास गरम रस प्यायले. सासूबाई शेजारी बसून शांतपणे सगळं उलगडून सांगत होत्या. मुखवटा डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा, झगा पाठमोरा घालायचा, खरा चेहरा भिंतीकडे ठेवायचा आणि उलटं चालत यायचं. पोरीने घरात रोज दोन तास उलटं चालायचा सराव केला होता. थोड्या वेळाने प्रमुख बाई आल्या आणि आनंदाने सांगू लागल्या की शेवटच्या खोलीत एक बाई बेशुद्ध पडली अशी बातमी रांगेत पसरली आहे आणि आता लोक आत शिरायच्या आधीच घाबरतायत. ती बाई मीच, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आठला खेळ संपला. लेक बूट घालून, गालांवर रंगाचे ओरखडे घेऊन आली आणि यांच्या गळ्यात पडली, मग आजीच्या. माझ्याकडे बघून नुसती हसली. गाडीत बसल्यावर तिने बाबांना सांगितलं की नाटकाच्या सरांशी बोलणं झालंय, ती पुढच्या सहामाहीला वर्ग सोडत नाहीये. आमचे हे व्हेरी गुड म्हणाले आणि उगाचच वायपर चालू केले.

फेरीबोटीच्या पोटात गाड्या रांगेने उभ्या होत्या. सासूबाई खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "ओके आई. लिस्ट."

मी आठवून बघितलं. झग्याचा काठ, मुखवट्याची दोरी, केस. खरंच काही आठवेना. टाचा दिसल्यानंतरचं मी काही पाहिलंच नव्हतं. मी तसं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघू लागली. मला वाटलं तिचा विश्वास बसला नाही.

मग ती म्हणाली, "आजी म्हणत होती हे वाया जाईल. इकडचे लोक फेस बघतात, पाय कोण बघणार. तू ओरडेपर्यंत कोणी खाली बघितलंच नाही, यू नो? मला माहिती होतं नाही बघणार." ती सीटवरून पुढे वाकली. "मी आजीला म्हटलं, आई बघेल. आई सगळं बघते."

ती तक्रार करत नव्हती. सबंध संध्याकाळ ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, तिला कुणीच दिसत नव्हतं, आणि बारकोडपासून सुरू झालेला माझा आवाज बोळातून जवळ जवळ येताना ती ऐकत होती. माझ्या ज्या खोडीने तिला रडवलं होतं, नेमक्या त्याच खोडीवर तिने भरवसा ठेवला होता. मला फार आनंद झाला, आणि त्याच वेळी तेवढीच लाजही वाटली. मी पट्टा सैल केला आणि मागे वळून तिच्याकडे बघत राहिले. बोटीच्या दिव्यात तिच्या दातांच्या तारा चमकत होत्या.

"व्हॉट?" तिने विचारलं. "काय बघतेस?"

"काही नाही," मी म्हटलं. "नुसतंच बघतेय."